इमारत क्रमांक सात

९ जानेवारी

दादा,

पाकीट जाड दिसतंय म्हणून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत, जाड आहे ती माझी बडबड. अप्पांना ब्याऐंशी पूर्ण झाली, पण अजून स्वतःचे बूट स्वतः पुसतात आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात, म्हणजे तब्येत उत्तम. फोन करून पाहिला असता, पण फोनवर तू "बरं, बरं, हिच्याकडे देतो" म्हणतोस आणि मग वहिनी मला तिकडचं हवामान सांगत बसते. पत्र असं मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

तर माझ्या गळ्यात एक लोढणं पडलंय. विद्यापीठाला पुढच्या वर्षी पंचाहत्तर वर्षं होतायत आणि परिसराचा इतिहास छापायचा आहे. कुठली इमारत कधी उभी राहिली, आधी तिथे काय होतं, रस्ते कुणी आखले, सगळं. लिहिणारे प्राध्यापक ऐन वेळी प्रकृतीचं कारण सांगून मोकळे झाले. नव्या कुलसचिवबाई आमच्या प्रकाशन विभागात आल्या, सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही एवीतेवी सगळ्यांच्या चुका काढता. आता स्वतः लिहा." सव्वीस वर्षं दुसऱ्यांची प्रुफं तपासल्याचं हे बक्षीस!

म्हणून सध्या माझा मुक्काम परीक्षा भवनाच्या तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये. तिथले रेकॉर्डकीपर म्हणजे एक वल्ली आहेत. सगळी जुनी दप्तरं कापडी रुमालात बांधून ठेवतात म्हणून त्यांना सगळे रुमालकाका म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला शाळेतल्या पोरीसारखे हात धुवायला लावले, पर्समधली पेनं काढून घेतली आणि एक शिसपेन्सिल दिली. "इथे शाई नाही, चहा नाही आणि घाई नाही," म्हणाले. काही विचारलं की स्वतः उत्तर देत नाहीत, रुमाल सोडतात आणि कागद पुढे करतात. सुरुवातीला चिडायचे, आता मजा येते. अरे, आपल्या वाचनालयाच्या जागी आधी विटांची भट्टी होती! तुला ठाऊक होतं?

आता जरा नाजूक. पन्नास वर्षं झाली तेव्हाची स्मरणिका मला नमुना म्हणून दिलीय. तिच्यात एक वाक्य आहे, ते जसंच्या तसं लिहिते: "देखभाल विभागाच्या ओव्हरसियरने तक्रारींची खोटी पूर्तता दाखवल्यामुळे इमारत क्रमांक सातची गॅलरी कोसळली व प्रयोगशाळेतील एक कर्मचारी कायमचा जायबंदी झाला." बाईंना ते नव्या पुस्तकातही हवंय. "इतिहास लपवायचा नसतो," म्हणाल्या. बाई बाहेरून आलेल्या. तो ओव्हरसियर रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पितो हे त्यांना माहीत नाही, आणि मीही सांगितलं नाही.

मी जुनं उगाळत नाहीये. अप्पांच्या ऑफिसातल्या कुलूपबंद कपाटातली तक्रारवही तुझ्या हाती लागली, तू तिच्यातल्या तीन नोंदी तुमच्या विद्यार्थी अंकात छापल्यास, अप्पांना ओव्हरसियरच्या खुर्चीवरून उठवून भांडारात टाकलं, आणि तेव्हापासून एकतीस वर्षं तुम्ही बापलेक एकमेकांशी बोललेला नाहीत. आई गेली तेव्हाही दोघं दोन खोल्यांत बसलात. हे सगळं तुलाही पाठ आहे आणि मलाही.

मला फक्त एक विचारायचंय. परवा एक फोटो सापडला. मागे अप्पांच्याच अक्षरात "भूगोल, गच्चीचे काम" असं लिहिलंय. फोटोत इमारतीच्या दारावर पाटी आहे आणि पाटीवर सात. पण भूगोलाची इमारत क्रमांक चार आहे! सात म्हणजे रसायन, जिथे गॅलरी पडली ती. तू तर तिथे पाच वर्षं शिकलास. भूगोलावर तेव्हा कुठला नंबर होता, आठवतो का?

तुझी,
ठमी


२८ जानेवारी

दादा,

तुझं कार्ड पोचलं. "आठवत नाही. नंबर बघत कोण होतं?" एवढं लिहायला तुला बारा दिवस लागले! पण बोललास ते खरं. आपण कुणीच इमारतींना नंबरानं ओळखत नव्हतो. रसायन, भूगोल, वाचनालय, कॅन्टीन. नंबर लागायचे ते फक्त देखभाल विभागाला आणि पोस्टमनला.

मी मात्र त्या पाटीपायी पार भंजाळलेय. रुमालकाकांना म्हटलं, रंगाऱ्यानं चूक केली असेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. मग त्यांनी ट्रेसिंग कापडावरचे मूळ नकाशे काढले. काय देखणे आहेत रे! निळसर, मेणचट कापड, वर केसाएवढ्या रेघा. एका कोपऱ्यात अप्पांची सही आहे, तेव्हा ते नुकतेच लागले होते, सहीत नाव पूर्ण लिहायचे. पण या नकाशांवर क्रमांकच नाहीत, नुसती नावं.

शेवटी मी अप्पांनाच गाठलं. सहज विचारल्यासारखं केलं, "अप्पा, सगळा परिसर आठवतो का हो तुम्हाला?" बस्स! जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारली, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पट्टीशिवाय नकाशा काढायला बसले. कुठल्या वळणावर गटार आहे, कुठल्या भिंतीत पाण्याचा पाइप आहे, सगळं. एक तास हलले नाहीत. प्रत्येक इमारतीत नंबरही घालत होते. रसायनाच्या चौकोनात त्यांनी तीन लिहिलं. मी म्हटलं, "अप्पा, ती सात ना?" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढला आणि म्हणाले, "झोपतो आता." दुपारचे दोन वाजले होते.

मला वाटलं, वय झालं, विसरायला लागले. मग त्यांचा नकाशा नीट पाहिला. भूगोलाच्या चौकोनात सात आहे. फोटोतल्या पाटीवर आहे तोच. विसरणारा माणूस जुन्या पाटीशी जुळणारी चूक कशी करेल?

तुला कंटाळा येत असेल तर सांग. म्हणजे सांगितलंस तरी मी लिहिणार आहेच. कितीतरी वर्षांनी सकाळी उठल्यावर कामावर कधी एकदा पोचते असं होतंय मला. आणि हो, त्या कपाटाच्या किल्लीचा विषय मी अजून काढलेला नाही. तूही काढला नाहीस. राहू दे तूर्त.

ठमी


१४ फेब्रुवारी

दादा,

बस आधी. बसलास?

सापडलं. इमारत समितीच्या इतिवृत्तात, सतराव्या रुमालात. अपघाताच्या आदल्या जूनमधली बैठक. ठराव असा, की नवं मुख्य फाटक पूर्वेला झाल्यामुळे सर्व इमारतींना आता फाटकापासून ओळीनं नवे क्रमांक द्यावेत. त्याआधीचे क्रमांक बांधकामाच्या क्रमानं होते: जी तिसरी बांधली ती तीन, जी सातवी बांधली ती सात. म्हणून रसायन होती तीन, ती झाली सात. भूगोल होती सात, ती झाली चार. आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ: "फलक रंगवून पूर्ण होईपर्यंत देखभाल विभागाने जुनेच क्रमांक वापरावेत." फलक रंगवून झाले ते पुढच्या फेब्रुवारीत. रंगाऱ्याचा दाखला सोबत टाचलेला आहे.

आता तू छापलेल्या त्या तीन नोंदी आठव. मला तोंडपाठ आहेत, तुलाही असतील. "इमारत सात, गॅलरीच्या कठड्याला तडा." सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. आणि तिसरीच्या पुढे अप्पांची सही: "तडा बुजवला, काम पूर्ण, १२ डिसेंबर." मार्चमध्ये रसायनाची गॅलरी पडली. सगळे बघायला गेले तर कठड्याला दुरुस्तीचा मागमूस नाही. म्हणून अप्पा खोटारडे ठरले. पण दादा, त्या नोंदी डिसेंबरपर्यंतच्या आहेत. तेव्हा सात म्हणजे भूगोल!

मी रुमालकाकांना म्हटलं, "काका, मला भूगोलाच्या गॅलरीत जायचंय." काकांनी पंधरा वर्षांत पहिल्यांदा दुपारच्या वेळी रेकॉर्ड रूमला कुलूप लावलं. आम्ही दोघं तीन जिने चढलो, काका प्रत्येक वळणावर धापा टाकत. वर भूगोलाचे विभागप्रमुख भेटले. आमच्या हातात टॉर्च आणि ब्रश बघून म्हणाले, "वाळवीवाले ना? आत या, आत या, केव्हापासून वाट बघतोय." मी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर लेखी परवानगी मागितली असती.

गॅलरीच्या उजव्या टोकाला, कठड्याच्या आतल्या बाजूला, तीन फूट लांबीचा गिलावा वेगळा आहे. जरा गडद, जरा गुळगुळीत. काकांनी ब्रशनं धूळ झाडली. खाली खिळ्यानं कोरलेलं आहे: १२ डिसेंबर, आणि वर्ष. अप्पांचे गवंडी काम संपलं की ओल्या सिमेंटवर तारीख कोरायचे, तशी अप्पांची सक्तीच होती. मी तिथेच फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. विभागप्रमुख घाबरले, म्हणाले, "इतकी वाळवी लागलीय का?"

रसायनाची गॅलरी का पडली, ते कागदांत कुठेच मिळत नाही. तिच्याबद्दल एकही तक्रार नव्हती. प्रयोगशाळेतले ते कर्मचारी दोन्ही पाय मोडून बसले, दोन वर्षांपूर्वी गेले, आणि कारण काही कुणी शोधलंच नाही, कारण दोषी आधीच सापडला होता. हेही मी पुस्तकात लिहिणार आहे.

तुला हे वाचून काय वाटेल ते मला कळतंय. तू खोटं छापलं नाहीस. नोंदी खऱ्या होत्या, अक्षर न् अक्षर. तू, चौकशी समिती, आई, मी, सगळ्यांनी तोच सात वाचला. मीही तेव्हा दोन दिवस अप्पांकडे बघितलं नव्हतं. सोळा वर्षांची होते, पण तेवढं कारण पुरत नाही.

ठमी


३ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही, पण वहिनीचा फोन आला होता. पहिल्यांदाच हवामान सांगितलं नाही तिनं. म्हणाली, "पत्र आल्यापासून नीट जेवत नाहीत. गच्चीवर फेऱ्या मारतात." मला थांबावंसं वाटलं होतं. पण आता अर्ध्यावर थांबता येणार नाही, कारण त्याच्या पुढचं मला मिळालं आहे आणि ते तुला कळायलाच हवं.

चौकशीची फाईल तीस वर्षं बंद ठेवायचा नियम आहे. मुदत गेल्या वर्षी संपली. मी अर्ज केला, काकांनी शिक्का मारला, लाल फीत सोडली. समितीत तिघं, तिघंही बाहेरून बोलावलेले. त्यांना पाट्या बदलल्याचं ठाऊक असायचं कारण नाही. ठाऊक होतं ते देखभाल विभागाला, आणि विभागातून जबाब घेतला एकट्या अप्पांचा. मग अप्पा बोलले का नाहीत? हा प्रश्न घेऊन मी त्या फायलीत शिरले.

पहिल्याच पानावर समितीला दिलेला आदेश आहे. तो उतरवून काढलाय: "विद्यार्थी अंकातील आरोप खोटा आढळल्यास संबंधित संपादक विद्यार्थ्याचे नाव पटावरून तात्काळ कमी करण्यात यावे." संपादक तू. तुझ्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला तेव्हा तीन आठवडे होते.

त्यानंतर अप्पांचा जबाब. दोन प्रश्न विचारलेत. पहिला, तक्रारींची पूर्तता केली होती का? उत्तर: "मला काही सांगायचे नाही." दुसरा, कार्यालयीन नोंदवही बाहेर कशी गेली? उत्तर: "कपाट मीच उघडे ठेवले. चूक माझी." खाली सही. नुसती आद्याक्षरं, तोवर पूर्ण नाव लिहिणं सोडलं होतं त्यांनी.

एक वाक्य बोलले असते तर सुटले असते, दादा. ठराव त्यांच्याच टेबलावर होता. पण आरोप खोटा ठरला की तू गेलास, परीक्षा गेली, तिकडची तुझी नोकरी, वहिनी, सगळंच गेलं. म्हणून मूग गिळून बसले आणि निवृत्त होईपर्यंत भांडारात खिळे मोजले.

आता तू म्हणशील, मग तुझ्यावर एवढा राग का धरला? ते तुलाही माहीत आहे. त्या संध्याकाळी अप्पा तुला काय म्हणाले ते मी दाराआड उभी राहून ऐकलं होतं. "नोकरीचं सोड. बापाच्या खिशात हात घातलास." तू मान खाली घालून उभा राहिलास.

खिशात हात मी घातला होता.

लिहिलं शेवटी. एकतीस वर्षांत कागदावरसुद्धा लिहिलं नव्हतं. तू म्हणाला होतास, "ठमे, एक तासभर वही बघतो आणि ठेवून देतो." सुट्टीचा दिवस होता, अप्पा आंघोळीला गेले होते, सदरा खुंटीला होता. मी किल्ली काढली, तुला दिली, दुपारी परत ठेवली. मला फार शहाणं काम केल्यासारखं वाटलं होतं. आणि अंक निघाल्यावर त्या संध्याकाळी अप्पांनी तुला विचारलं तेव्हा मी दाराआडून बाहेर आले नाही. तू माझं नाव घेतलं नाहीस. मग तू गेलास, आणि बोलायची वेळ रोज थोडी थोडी लांबत गेली.

ठमी


११ मार्च

दादा,

मिळालं तुझं पत्र. पाच ओळी. "पुस्तकात खरं ते छाप. अंकाचा संपादक म्हणून माझं नाव घाल, चूक माझी असं स्पष्ट लिही. अप्पांना किल्लीचं सांगू नकोस. तुला त्यांच्याजवळ राहायचं आहे. मला सवय झालीय."

शेवटचं वाक्य वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. सवय झालीय म्हणे! एवढा मोठा माणूस, आणि कसली सवय करून घेतोस रे? तू माझ्यासाठी गप्प, अप्पा तुझ्यासाठी गप्प, आणि मधल्यामध्ये मी तुम्हा दोघांची सेवा करणारी गुणी मुलगी. शेजारपाजारी म्हणतात, "मुलगा गेला परप्रांतात, पण मुलीनं काय केलं बघा बापाचं!" दर वेळी ते ऐकून मला धरणीनं पोटात घ्यावंसं वाटतं.

बाईंकडे गेले होते. ठराव, रंगाऱ्याचा दाखला, गिलाव्याचा फोटो, जबाब, सगळं ओळीनं टेबलावर मांडलं. बाई हुशार आहेत, पाच मिनिटांत कळलं त्यांना. जुनं वाक्य स्वतःच्या हातानं खोडलं. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "पण हा माणूस इतकी वर्षं गप्प का राहिला? विचारायला हवं होतं कुणीतरी. हयात आहे का?" मी म्हटलं, "आहेत. माझे वडील आहेत." बाई उठून उभ्या राहिल्या. मला खुर्ची दिली आणि स्वतः पाणी आणलं.

पुस्तक एकवीस तारखेला छापायला जाईल. एकदा छापलं की अप्पा ते वाचणार, चष्मा लावून, पहिल्या पानापासून. त्यात ते निर्दोष असतील आणि तू चुकलेला असशील, आणि माझं नाव फक्त मुखपृष्ठावर असेल, 'लेखन' म्हणून. तुझं पत्र आल्यापासून हेच डोक्यात घोळतंय. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला, स्वतःची तेवढी राहून गेली. तुझं नको ऐकायचं, असं ठरवतेय. भीती वाटते रे. खरंच फार वाटते.

ठमी


१९ मार्च

दादा,

सांगितलं.

रविवारी सकाळी. अप्पा पायरीवर बसून बूट पुसत होते. मी शेजारी बसले आणि आधी कागदांचं सांगितलं. ठराव, पाट्या, गिलावा. ते ब्रश फिरवत राहिले. गिलाव्यावरच्या तारखेचं सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाले, "टिकलाय अजून? चांगला गवंडी होता." मी विचारलं, "तेव्हा नाही तर नाही, पण त्याची परीक्षा झाल्यावर तरी त्याला का नाही सांगितलंत?" म्हणाले, "त्यानं विचारलं नाही."

मग मी म्हटलं, "अप्पा, किल्ली मी काढली होती. दादानं नाही."

ब्रश थांबला. आणि त्यांनी मला प्रश्न विचारले, एखाद्या बांधकामाची तपासणी करावी तसे, एकापाठोपाठ. कुठल्या खिशातून? सदऱ्याच्या आतल्या. केव्हा? तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा. परत कधी ठेवली? जेवण करून तुम्ही आडवे झालात तेव्हा. त्याला माहीत होतं, मी त्याच्यावर आळ घेतोय ते? माहीत होतं. आणि तू कुठे होतीस? दाराआड.

एक बूट पुसून झाला होता, दुसरा तसाच. दोन्ही उचलून आत गेले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. आज चौथा दिवस. तू ओळखतोस त्यांना, बोलत नाहीत म्हणजे अजिबात नाहीत. समोरच्या दारी शिंपीणकाकू राहतात, त्यांना हाक मारून बोलावून घेतात आणि मी तिथे उभी असताना त्यांना सांगतात, "तिला म्हणावं, भाजीत मीठ नाही." काकू बिचाऱ्या माझ्याकडे वळून म्हणतात, "मीठ नाही हो भाजीत." पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी नाही आलं. रात्री त्यांची गोळी आणि पाणी ठेवते, ते घेतात, पण माझ्याकडे मान वर करत नाहीत. एकतीस वर्षं तू हे कसं सोसलंस, दादा? मला चार दिवस सोसवेनात.

तरी सांगितल्याचा पस्तावा नाही, हे नीट वाच. आणि आता मुख्य.

काल काकूंना परत बोलावलं. मला वाटलं, पुन्हा मीठ. तर म्हणाले, "तिला विचारा, त्याचा फोन नंबर काय." मी सांगितला, काकूंनी मला ऐकून पुन्हा त्यांना सांगितला, त्यांनी त्यांच्या त्या सरळ अक्षरात लिहून घेतला. कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "नको. फोनवर नाही व्हायचं. तिला म्हणावं, त्याला कळव, ये म्हणून. किती वाजता पोचतो तेही लिहायला सांग. मी न्यायला जाईन."

ब्याऐंशीचे आहेत रे! जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मी न राहवून म्हटलं, "अप्पा, मी येते ना बरोबर." त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिला सांगा, गरज नाही. माझं त्याच्याकडे काम आहे."

पुस्तक परवा छापायला जातंय. तुझं नाव घातलंय, तू म्हणालास तसं, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत माझंही, किल्लीसकट. बाईंनी विचारलं, हे हवंच का? मी म्हटलं, इतिहास लपवायचा नसतो.

तू लवकर निघ. घरात माझ्याशी बोलणारं कुणीतरी हवंय.

ठमी